मांडीवर हात ठेवून चालणारी

अक्का, एक विचारायचं राहून गेलं. पाऊल टाकताना तू मांडीवर हात आधी दाबायचीस, की पाऊल टेकल्यावर?

तू असतीस तर "हे काय विचारणं झालं, तम्मा?" म्हणून, धाकट्या भावाला हसावं तशी, हसली असतीस. मग मशीनवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या असत्यास आणि स्वतःच गोंधळून मध्ये थांबली असतीस. चालणाऱ्याला आपण कसे चालतो ते सांगता येत नाही, हे आपल्या दोघांना गेल्या वर्षभरात चांगलंच कळलं होतं. पण निदान उठून चालून बघणारं कुणीतरी होतं. आता मी कॉम्प्युटरपुढे बसलोय. पडद्यावर दहा वर्षांची मुलगी एक पाय उचलून थांबलीय, आणि तिचा हात कधी दाबायचा ते मला माहीत नाही. फिल्मचा शेवटचा प्रसंग, ज्यावरून आपलं भांडण झालं, तो तर अजून रिकामाच आहे. तो सांगितल्याप्रमाणे पळण्याचा करायचा की चालण्याचा, हे मला एकट्याला ठरवायचंय.

तू गेल्यावरचं पुण्यानुमोदन परवा झालं. भंतेजी येऊन गेले, वंदना झाली, भालकीतल्या तुझ्या गिऱ्हाइकांनी खोली भरून गेली. पाहुणे गेल्यावर मी एक उद्योग सुरू केला. माझ्या फोनमधले, बायकोच्या फोनमधले, उदगीरच्या मावसभावाकडचे, होते नव्हते तेवढे जुने व्हिडिओ गोळा केले. लग्नं, नामकरणं, घरभरणी. मला एकच हवं होतं, तू चालताना. एकाही व्हिडिओत तू चालत नाहीस. सगळीकडे बसलेली आहेस. जेवताना बसलेली, आहेर देताना बसलेली, नवरीच्या मागे खुर्चीवर हसत बसलेली. मावसभावाच्या लग्नात कॅमेरा एकदा मांडवाच्या दाराकडे वळतो. तिथं तू उभी आहेस, आत यायच्या बेतात. कॅमेरा दिसल्याबरोबर तू शेजारची खुर्ची ओढतेस आणि बसतेस. मग कॅमेरा बँडवाल्यांकडे जातो. एवढंच. मी ते किती वेळा मागे नेऊन बघितलं कोण जाणे. खुर्ची ओढायची तुझी सफाई बघून कळत होतं की हे पहिल्यांदा घडत नव्हतं.

तुझ्या घरात राहून मला हे कधी दिसलं नव्हतं. तुझ्या घरात म्हणतो, कारण पुढची खोली तुझी आणि रस्त्यावरून येणाऱ्याला आधी तूच दिसायचीस, मशीनवर वाकलेली.

हे सगळं सुरू झालं तेव्हा माझं फ्लेक्सचं दुकान जेमतेम चालत होतं. आधी मी ब्रशने पाट्या रंगवायचो, एका बाजूला कानडी, एका बाजूला मराठी. मग फ्लेक्स आले. मग गल्लोगल्ली फ्लेक्सवाले झाले. कलबुर्गीतल्या एका छोट्या संस्थेला शाळेतल्या मुलांसाठी ॲनिमेशनच्या फिल्मा करायच्या होत्या. त्यांची पोस्टरं माझ्याकडे छापली, ओळख झाली, आणि चित्रकला येते म्हटल्यावर त्यांनी मला त्यांच्याकडे ॲनिमेशन शिकवणाऱ्या शिल्पासमोर बसवलं. शिल्पा चोवीस वर्षांची. मी सेहेचाळीसचा. पहिल्याच शनिवारी ती म्हणाली, "अण्णा, रिगिंग सीखो. किसी को नहीं करना रहता, इसलिए काम मिलेगा."

रिगिंग म्हणजे काय हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगायचा प्रयत्न केला. दुसरा कुणीतरी कॉम्प्युटरात माणूस घडवतो. माणूस सुंदर, पण दगडाचा. त्याच्या आत आपण हाडं घालायची, सांधे बसवायचे, आणि कातडीच्या प्रत्येक ठिपक्याला सांगायचं की तू कुठल्या हाडाचं ऐकायचं. मग पुढचा माणूस त्याला नाचवतो, चालवतो, रडवतो. नाव त्याचं होतं. हाडं घालणारा कुणाला माहीत नसतो.

तू चहाचा कप ठेवायला आली होतीस. पडद्यावर एक बाई दोन्ही हात आडवे पसरून उभी होती.

"ही कामून अशी उभारलीय? माप द्यायलीय का?"

मी हसलो. म्हणालो, सगळ्यांना सुरुवातीला असंच उभं करतात, हात बाजूला असले की हाडं घालायला सोपं.

"मग बरोबर हाय की. आमच्यातबी माप उभारलेल्या बाईचंच घेत्यात. ब्लाऊज फाटतंय ते वाकल्यावर."

तू हे सहज बोललीस आणि चहा ठेवून गेलीस. मी शिल्पाच्या शिकवणीत महिनाभर घालवला तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला. उभं पात्र सगळ्यांचंच छान दिसतं. रिगिंगची परीक्षा ते वाकल्यावर होते.

त्यानंतर तुझा रोजचा प्रश्न सुरू झाला. "आज कितीक हाडं घातलीस?" आणि मी सांगायचो, बोटांची घातली, मणक्याची घातली. तू मशीन बंद करून, चष्मा पुसून, माझ्या मागे स्टूल घेऊन बसायचीस. कुठल्या हाडाचा ताबा कुठवर आहे ते कॉम्प्युटर रंगांनी दाखवतो. पूर्ण ताबा असेल तिथं लाल, मुळीच नसेल तिथं निळा, मधे हिरवा-पिवळा. तुला ते रंग फार आवडायचे. "म्हंजे हितं दोन हाडांचं भांडण हाय," तू खांद्याच्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणायचीस. बरोबर होतं तुझं. सगळी मेहनत त्या भांडणाच्या जागीच असते.

माझ्या पहिल्या बाईने हात वर केला की काखेत खड्डा पडायचा आणि पोटाची कातडी वर ओढली जायची. आठ दिवस मी रंग इकडचे तिकडे केले. काही होईना. तू मागून बघत होतीस.

"काखेचा मुंढाच चुकलाय तुझा."

"अक्का, हे कापड नाही."

"कापड न्हाई तर काय हाय मग? हात वर केला की वर जायला कायतरी लागंल का न्हाई? तू ठेवलंच न्हाईस. मग ते पोटातनं ओढून घ्यायलंय."

आणि तू आत जाऊन अण्णांचा, आपल्या बापाचा, जुना नेहरू शर्ट घेऊन आलीस. काखेत बसवलेला कापडाचा चौकोनी तुकडा उलटा करून दाखवलास. हात खाली असला की तो घडीत दडून राहतो, कुणाला दिसत नाही. हात वर गेला की तोच उघडतो. मी त्या शर्टाची बाही किती वेळ वर-खाली करत बसलो होतो! दुसऱ्या दिवशी बाईच्या काखेत ठिपक्यांची दोन जादा कडी घातली. हात वर केला. पोट जागेवर राहिलं.

शिल्पाने विचारलं, "ये कहाँ से सीखा, अण्णा?"

"इधर एक टेलर है," मी म्हणालो.

असं का म्हणालो, अक्का? माझी बहीण आहे, असं म्हणायला किती वेळ लागतो?

आपल्या दोघांचा एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. कॉम्प्युटरात पाय दोन तऱ्हेने हलवता येतो. एकात मांडी फिरवायची, मग गुडघा, मग पाऊल, म्हणजे वरून खाली. दुसऱ्यात पाऊल धरून हवं तिथं ठेवायचं, गुडघा-मांडी आपोआप वाकून जुळवून घेतात. मी म्हणायचो, माणूस पावलाने चालतो. तू म्हणायचीस कंबरेतनं. याचा निकाल लावायला आपण तुझ्या दारातल्या पायरीवर बसलो. ओळीने चार-पाच संध्याकाळी. भालकीची येणारी-जाणारी माणसं बघत. बायको आतून ओरडायची की लोक काय म्हणतील. पाणी आणणारी पोरगी मानेतनं चालते, असं तू ठरवलंस. भाजीवाली टाचेतनं. समोरच्या गल्लीतले मास्तर आले आणि तू माझा दंड दाबलास.

"बग, बग. पोट आधी निघालंय. मास्तर मागनं यायलेत."

मास्तरांनी नमस्कार केला आणि आपण दोघं चोरी करताना सापडलेल्या पोरांसारखे तोंड खाली घालून बसलो. त्या आठवड्यात मी जितकं शिकलो तितकं शिल्पाकडेही शिकलो नाही. तरी बघ, त्या पायरीवर इतक्या माणसांची चाल आपण तपासली, पण तुझी चाल कुठून सुरू होते हे मला विचारावंसं वाटलं नाही. की धीर झाला नाही?

मग ही फिल्म आली. गावाच्या टोकाच्या वस्तीतून शाळेत जाणारी मुलगी, लहानपणच्या तापात एक पाय अधू झालेला. गोष्ट संस्थेकडूनच तयार आली होती. मुलीला हाडं घालायचं आणि चालवायचंही काम मला दिलं. तिथं मी कुणालाही सांगितलं नाही की मला असं चालणारं माणूस जवळून माहीत आहे. तुलाही तीन आठवडे दाखवलं नाही. तुला विचारायची गरज वाटली नाही. जन्मभर बघितलंय, आणखी काय विचारायचं? मुलीचा पाय ओढत चालायची तऱ्हा बसवली, आणि एका दुपारी तुला बोलावलं.

तू बराच वेळ बघितलंस. मुलगी आपल्याकडे तोंड करून येत होती, पुन्हा पुन्हा.

"हा पाय कुणाचा हाय?"

"म्हणजे?"

"माझा डावा हाय, तम्मा. तू उजव्यात घातलास."

मी पडद्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तू स्टुलावर बसली होतीस आणि तुझा डावा पाय जसा नेहमी बाजूला सरकवून ठेवलेला असायचा तसा होता. सत्तेचाळीस वर्षं. ही चूक नवशिके करतात, शिल्पाने बजावलंही होतं की पात्र समोरून येतं तेव्हा त्याचा डावा आपल्या उजवीकडे असतो. पण मी कुठलं चित्र बघून हे केलं नव्हतं. आठवणीतून केलं होतं. माझ्या आठवणीत तू समोरून येतेस.

तू ते माझ्याआधी ओळखलंस. रागावली नाहीस. गिऱ्हाइकाचं माप कुठं चुकलं ते सापडल्यावर बोलायचीस तशा आवाजात म्हणालीस, "तू मला समोरनंच बगितलायस. म्होरं जाऊन, वळून."

आणि लगेच, "शिवाय हिचा हात कुठाय?"

ते म्होरं जाणं आता लिहितो. लहानपणी मेहकरात आपली गल्ली गावाच्या एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या. आई रोज सांगायची, अक्काला संग घेऊन जा. मी संग निघायचो आणि पहिल्या वळणावर पुढे व्हायचो. मारुतीच्या पारापाशी थांबून मागे बघायचो, तू येतेयस एवढी खात्री करायचो, आणि पुन्हा पुढे. घरी विचारलं तर खोटं नको, म्हणून तेवढं वळून बघणं. एकदा वर्गात नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "ती मागनं यायलीय ती कोण रं तुझी?" मी म्हणालो, "आमच्या गल्लीतली हाय." तू तोवर दहा पावलांवर आली होतीस. ऐकलंस का, हे मला आजही माहीत नाही. तू कधी बोलली नाहीस, मी कधी विचारलं नाही. पुढं मी गाडी घेतली आणि तुला कुठंही पायी जाऊ दिलं नाही. दवाखाना, बँक, लग्नकार्य, दारातून गाडीवर आणि गाडीवरून दारात. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. गाडीवर बसलेलं माणूस कसं चालतं ते कुणाला दिसत नाही, आणि त्याच्या चालीने चालावंही लागत नाही, हे मात्र मी स्वतःशी कधी बोललो नव्हतो.

त्या दुपारी तू मला शिकवलंस. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललीस, आणि मी पहिल्यांदा तुझ्या बाजूने, जमिनीवर बसून बघितलं. या गुडघ्यात जोरच नाही, म्हणालीस. वरून हाताने मांडी दाबून धरली नाही तर मोडतो आणि माणूस खाली. हात म्हणजे गुडघ्याची कडी. मी विचारलं, "आणि चाल कुठून निघते? कंबरेतून?"

तू थांबलीस. दोन पावलं पुन्हा टाकलीस. तुझ्या चेहऱ्यावर नवी डिझाईन सापडल्यावर येतो तसा आनंद होता.

"खांद्यातनं निघायलीय, तम्मा! मी पाय उचलतच न्हाई. उजवीकडं झुकून खांदा उचलते, पाय मागनं येतोय."

पन्नाशीत तुला तुझी चाल कळली, आणि मला तुझी. त्या दिवशी आपण फार खूश होतो, अक्का. मी ते कबूल करतो, पुढचं लिहायच्या आधी.

डावा पाय, डावा हात, उजवीकडचा झोक, असं सगळं नव्याने बसवून मी शिल्पाला पाठवलं. तिचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला होता. तू शेजारी पाटावर कापड बेतत होतीस.

"अण्णा, ये तो बिलकुल असली चाल है. किसकी है?"

"हमारे मोहल्ले में एक औरत है," मी म्हणालो.

तुझी कात्री थांबली. मग पुन्हा सुरू झाली. तू मान वर केली नाहीस.

त्याच आठवड्यात संस्थेने शेवट कळवला. शाळेच्या फाटकाशी मुलीचा हात मांडीवरून सुटतो आणि ती पळत सुटते, मागे गाणं. तुला ते सांगितल्यावर तू म्हणालीस, "कामून पळायची ती?"

"मुलांना बरं वाटतं बघून."

"कुठल्या मुलांना? पळणाऱ्या?"

"अक्का, ती फिल्म आहे. थोडं आशेचं काहीतरी असावं लागतं."

"शाळेत पोचलीय की ती. आणिक काय पायजे? पाय बरा झाला तरच ती चांगली व्हय?"

मी म्हणालो, तुला कळत नाही. तू म्हणालीस, "मला येवढं कळतंय की तुला अजून लाज वाटायलीय."

मला तिथं थांबायचं होतं. व्हय म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तू ब्लाऊज शिव. हाडं मी बघतो." आणि दार ओढून घेतलं. चार दिवस आपण कामापुरतं बोललो. जेवायला ये, गॅस संपला, असं. त्या चार दिवसांत तू एकदाही किती हाडं घातली ते विचारलं नाहीस. पाचव्या दिवशी सकाळी तू गेलीस, कुणालाच काही बोलायला वेळ दिला नाहीस.

शिल्पाला मी कळवलं तेव्हा लिहिलं, वो चाल मेरी अक्का की थी. तिचं उत्तर आलं, "मुझे लगा था, अण्णा." म्हणजे तिलाही कळलं होतं. ज्यांना कळलं नाही असं मी धरून चाललो होतो, ती सगळी माणसं समजून होती.

तुझ्या जाण्यानंतर मी रडायला हवं तितकं रडलो नाही, हे बायको म्हणते. मी शोधत बसलो. व्हिडिओत चाल सापडली नाही म्हणून तुझ्या साड्या काढल्या. उजेडाकडे धरल्या. रोजच्या सगळ्या साड्यांचं सूत एकाच जागी विरळ झालंय, डाव्या मांडीवर, तळहाताएवढं. तुझीच माप घ्यायची टेप घेऊन ती जागा मोजली. गुडघ्याच्या वर, जरा आतल्या अंगाला, तिरकी. अंगठ्याकडची बाजू जास्त झिजलेली. म्हणजे तू तळव्याने कमी आणि अंगठ्याच्या मुळाने जास्त दाबायचीस. मुलीचा हात मी तसा फिरवला आणि एकदम ती मुलगी राहिली नाही, तू झालीस. मी उठून पाणी पिऊन आलो.

मग वेळेचा प्रश्न, आधी की नंतर. तो सोडवायला काल हे लिहिणं मधेच ठेवून मी स्वतः मांडीवर हात ठेवून मागच्या अंगणात फेऱ्या मारल्या. बळकट पायाला ते जमत नाही, सोंग होतं. गुडघा ढिला सोडला तर माझा मीच घाबरत होतो. बायको दारात आली, "काय करायलाव?" म्हणाली, आणि बघून परत आत गेली. बऱ्याच फेऱ्यांनंतर एकदा खरोखर तोल गेला, आणि हात आपोआप आधी गेला. पाऊल टेकण्याच्या किंचित आधी. तोल जायची भीती असेल तर आधीच जाईल. एवढं मी आता खात्रीने बसवू शकतो. आणखी एक कळलं. असं चालताना नजर पुढच्या दोन हात जमिनीवर खिळून राहते. म्हणजे मेहकरात त्या दिवशी तू माझं तोंड बघितलं नसशील. पण कानांचं काय? त्यातून मी स्वतःला सोडवून घेत नाही.

आज सकाळी प्रभावतीबाई आल्या. हळ्ळीखेडच्या, तुझ्या साड्यांना फॉल लावून देणाऱ्या. तुझ्या गिऱ्हाइकांच्या तीन साड्या त्यांच्याकडे राहिल्या होत्या, त्या घेऊन. मी कामात होतो, पडद्यावर मुलगी चालत होती.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "ही अक्काच की."

मी मान डोलावली. त्या जवळ येऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण भाऊ, हिचा हात मांडीवर कामून?"

"ती तशीच चालायची ना."

"एकटी असली की. आमच्यासंग कुठला मांडीवर? खांद्यावर असायचा."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या सांगत होत्या आणि मला एकेक शब्द मधे थांबवून विचारावा लागत होता. मी शनिवारी कलबुर्गीला गेलो की तुम्ही दोघी पायी बाजारात जायचात. कधी बसस्टँडपर्यंत, उदगीरच्या गाडीतून कोण उतरतंय ते बघायला. डावा हात प्रभावतीबाईंच्या खांद्यावर. त्या उंचीला बरोबर पडायच्या. मग गुडघ्याला धरायला लागायचं नाही, मान वर करून चालायचीस. "लई हसायची रस्त्यानं," त्या म्हणाल्या. "माणसांच्या चाली काढायची. हा मानंतनं चालायलाय, ती टाचंतनं. मी म्हणायची, अक्का, गप, लोकं मारतेत आपल्याला." म्हणजे आपला पायरीवरचा खेळ तू भर बाजारात नेला होतास. मला घरी आल्यावर कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, कशाला पायी गेलीस, मी गाडीवर नेलं असतं.

पळणं मी रद्द केलं, अक्का. तुझं खरं करायचं म्हणून नाही. पळणं आणि एकटीने चालणं यांच्या पलीकडे तिसरंही काही असतं, हे आपल्या भांडणात तुलाही सुचलं नाही. की सुचलं होतं, आणि मी दार ओढून घेतलं? शाळेच्या वाटेवर मुलीचा हात मांडीवरून सुटेल आणि शेजारच्या मैत्रिणीच्या खांद्यावर जाईल. शिल्पाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, अवघड आहे. दोन शरीरं एकमेकांना बांधायची, दोघींची पावलं जुळवायची, शिवाय प्रसंग लांबेल, गाण्यात बसणार नाही, वरच्यांना विचारावं लागेल. विचार, म्हटलं. ही मुलगी कुणाची आहे तेही सांग त्यांना. माझी अक्का आहे म्हणून सांग.

पण तो खांदा कसा बसवायचा? हात पडला की किती खाली जातो? मैत्रिणीचं पाऊल किती आखूड होतं? मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी प्रभावतीबाईंना विचारलं, "जड व्हायचा का हात?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "उभारा," म्हणाल्या. माझ्या उजव्या बाजूला आल्या आणि त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. डावा पाय तुझ्यासारखा सैल केला. मला वाटलं होतं त्याहून हात फार हलका होता. मग पाऊल पडलं आणि एकदम सगळं माणूस खांद्यावर आलं, आणि पुन्हा हलका. मी मनात मोजायला लागलो, कितव्या क्षणी येतं, कितव्या क्षणी जातं.

"असं न्हाई, भाऊ," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्होरं जायलाव."

तेवढ्या खोलीतही मी अर्धं पाऊल पुढे गेलो होतो. आम्ही पुन्हा मशीनपाशी आलो, पुन्हा निघालो. या वेळी मी मोजलं नाही. हात खांद्यावर आला की थांबायचं, हलका झाला की पाऊल टाकायचं, एवढंच केलं. दारापर्यंत जायला आम्हाला बराच वेळ लागला.